पिरॅमिडचं परमिट

“वाचा! मोठ्याने वाचा! अक्षर कुणाचं आहे?”

ओपलबाई ओरडत होत्या आणि त्यांच्या हातातला ड्रॉइंगचा कागद माझ्या नाकाला घासत होता. बाईंचं वय सत्तरीला टेकलेलं, वजन फार तर गव्हाच्या अर्ध्या पोत्याएवढं. पण आवाज असा की शेजारच्या रानातल्या गाई चरायच्या थांबल्या. वाढवून सांगायची मला सवय नाही. त्यातली एक गाय तर मटकन खालीच बसली.

आमच्या मागे लोखंडी पाइपांचा एक पिरॅमिड चौदा फुटांपर्यंत उभा राहिला होता. अर्धा झालेला, अर्धा बाकी. वरच्या पाइपावर तीन वेल्डर पाय सोडून तमाशा बघत होते. खाली पेकनच्या झाडाखाली घडीच्या खुर्चीत बाईंचे यजमान, हार्लन टेट, नाकात प्राणवायूची नळी घालून बसले होते. आणि मी नुकताच त्या सांगाड्याच्या पुढच्या पायाला तांबडा कागद चिकटवला होता. तांबडा कागद म्हणजे काम बंद. तो फाडला तर दंड.

“सात फूट वर गेलं की पाच फूट अकरा इंच आत,” बाई म्हणाल्या. “तुम्ही लिहिलंय, तांबड्या पेन्सिलीने. माणसांनी तसंच बांधलं. डॉक्टरांनी ह्यांना नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगपर्यंतची मुदत दिलीय, आणि तुम्ही म्हणता पुन्हा पहिल्यापासून बांधा?”

मी कागद पाहिला. अक्षर माझंच होतं. मी म्हणालो, “ऑफिसात नेऊन तपासतो आणि कळवतो.” ज्यांनी सरकारी नोकरी केली आहे त्यांना मी सांगायला नको की हे वाक्य माणसाच्या तोंडून केव्हा बाहेर पडतं.

आता मी कोण, ते सांगतो. मूळचा अमरावतीचा, देवधर. अमेरिकनांनी त्याचा पहिल्याच दिवशी ‘डेव्ह’ केला. राहायला टेक्सासातल्या शुगर लँडला, आणि नोकरी तिथून पाऊण तास ड्राइव्ह करून एका छोट्या गावाच्या परमिट ऑफिसात. हुद्दा प्लॅन चेकर. म्हणजे गावात कुणालाही घर, गोठा, दुकान, काहीही बांधायचं असेल तर त्याने आधी नकाशे माझ्या टेबलावर आणून टाकायचे आणि मी त्यातल्या चुका काढायच्या. चुका काढण्याचा पगार मिळतो हे ऐकून आमच्या सासूबाई नागपुरात हळहळल्या होत्या. इतकी वर्षं त्यांनी ते काम फुकट केलं.

या धंद्याचं सगळं भांडवल म्हणजे संशय. अर्जावर एक रकाना असतो: ‘इमारतीचा उपयोग’. बाकीचा अर्ज खरा असतो, लोक खोटं बोलतात ते त्या रकान्यात. एका गृहस्थांनी पोहण्याचा तलाव ‘गुरांना पाणी पाजण्याची टाकी’ म्हणून दाखवला होता. टाकीला उडी मारायची फळी होती. दुसऱ्या एकाने बायकोपासून लांब राहायला परसात बंगली बांधली आणि उपयोग लिहिला, ‘चिंतन’. त्याला मी लगेच पास केलं. पण एरवी माझ्या मनात शंकेची पाल कायम मुक्कामालाच असे. सकाळी मी ऑफिसात पोचायच्या आत ती पोचलेली असायची.

टेट नवराबायको आले ते साल शहाऐंशीचं. तेलाचे भाव कोसळले होते. ह्यूस्टनच्या आसपास विहिरी खणणाऱ्या कंपन्या माश्यांसारख्या मरत होत्या आणि खणकामाचे चांगले पाइप भंगाराच्या भावात रस्त्याकडेला पडले होते. हार्लननी चाळीस वर्षं त्या विहिरींवर काढली होती. त्यांनी पाइप घेतले, बेकार झालेले आपले तीन जुने वेल्डर बोलावले आणि अर्ज केला: पाया चव्वेचाळीस फूट, उंची अठ्ठावीस फूट, आकार पिरॅमिड. उपयोग: सामान ठेवणे.

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “कसलं सामान?”

“सामान,” हार्लन म्हणाले.

मी त्या माणसाकडे पाहिलं. सत्तरी उलटलेली, फुप्फुसं निकामी, सोबत प्राणवायूचं नळकांडं. बायको बाजूला, ओठ घट्ट मिटलेले. आणि आकार कसला, तर पिरॅमिड. गावाच्या हद्दीत खासगी जागेत प्रेत पुरायला बंदी आहे. हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना ते माहीत आहे हे मला दिसत होतं.

त्या आठवड्यात मी लायब्ररीतली पिरॅमिडवरची पुस्तकं उचलून आणली. अकरा होती, माझ्या बायकोला, सुमतीला, विचाराल तर ती तीन सांगेल. सगळी वाचली, कारण माझं म्हणणं साधं होतं. पिरॅमिडचा उपयोग थडगं हाच, असं मला सिद्ध करता आलं की टेटांचा अर्ज खोटा ठरतो.

पुस्तकांनी सुरुवातीला साथ दिली. साडेचार हजार वर्षांहूनही आधी इजिप्तचे राजे विटांच्या बैठ्या ओट्याखाली पुरले जात. मग एका राजाच्या हुशार कारभाऱ्याने दगडी ओट्यावर ओटा, त्यावर ओटा असे सहा रचले, तो पायऱ्यांचा पिरॅमिड. पुढे स्नेफेरू नावाच्या राजाला वाटलं, पायऱ्या नकोत, बाजू सपाट उताराच्या हव्यात. त्याने तीन बांधले: एकाचं बाहेरचं आवरण पुढे ढासळलं, दुसरा मध्येच वाकला, तिसरा जमला. त्याच्या मुलाने, खुफूने, तो गिझाचा सगळ्यात मोठा बांधला. झालं. थडगी.

पण माझ्यातला प्लॅन चेकर गप्प बसेना. एका स्नेफेरूला पुरायला तीन पिरॅमिड कशाला? आणि बांधणारे कुणाकडून पास करून घेत होते?

पुढच्या खेपेला हार्लन काउंटरवर आले तेव्हा मी त्यांना म्हणालो की जगातले सगळे पिरॅमिड थडगी आहेत, तेव्हा उपयोगाचा रकाना बदला.

ते खुर्चीत बसले, दम घेतला, आणि विचारलं की मोठ्या पिरॅमिडात राजा सापडला का. मी म्हणालो, ग्रॅनाइटची पेटी सापडली. पेटीत राजा? नाही. झाकण? तेही नाही. चोरांनी नेलं असणार. चोरांना कुणी पाहिलं? मग मी म्हणालो, नंतरच्या लहान पिरॅमिडांच्या भिंतींवर मेलेल्या राजाला आकाशात पोचवायचे मंत्रच कोरलेले आहेत, आणखी काय हवं? त्यावर ते म्हणाले की आपण आपल्या भिंतीवर काहीच कोरणार नाही, हवं तर अर्जावर तसं लिहून घ्या. मग स्वतःहूनच म्हणाले की जुन्या काळी पुष्कळ लोक पिरॅमिडांना धान्याची कोठारं समजत.

“अहो, ते आतून भरीव आहेत,” मी म्हणालो. “धान्य ठेवायला जागाच नाही.”

“माझा पोकळ आहे,” हार्लन म्हणाले.

रांगेतले लोक हसले. आमचा साहेब वेंडेल, जो वर्षातून दोनदा हसायचा, त्याचा त्या वर्षीचा पहिला कोटा तिथेच संपला. त्याने मला परमिट द्यायला सांगितलं. मी दिलं, पण जमिनीला सलग काँक्रीट, त्यात भोक नाही, खाली पोकळी नाही आणि मी केव्हाही तपासायला येईन, अशा अटी घातल्या.

आणि मी जात राहिलो. काँक्रीट ओतायच्या आधी लोखंडी सळई घेऊन चव्वेचाळीस फूट चौरस जमीन टोचून काढली. ओतल्यावर हातोडीने ठोकून कान लावून ऐकलं. ओपलबाई दर वेळी थंडगार चहा आणि ‘पेकन पाय’, म्हणजे त्या झाडाच्या अक्रोडासारख्या बिया घालून भाजलेली गोड पोळी, आणून द्यायच्या. ही लाच आहे असा मला दाट संशय होता, म्हणून मी दर वेळी पुराव्यादाखल दोन तुकडे खात असे. हार्लन खुर्चीतून वेल्डरांवर आरडाओरडा करत. मध्येच दम लागे, मग नळीतून श्वास घेऊन शिवी जिथे तुटली होती तिथून पुढे चालू करत. पिरॅमिडचं काम चालू असलं की ते सकाळी सहाला दाढी करून बाहेर येतात, रविवारी काम बंद म्हणून पलंगावरून उठत नाहीत, असं बाई एकदा म्हणाल्या. मी ते ऐकलं आणि मनात म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. आता आठवलं की लाज वाटते.

मग तो बुधवार आला. मी चौदा फुटांवर टेप धरला तेव्हा चारही बाजू असायला हव्या त्यापेक्षा दहा-दहा इंच आत सरकलेल्या. माझे डोळे चमकले. इमारत आत का सरकते? भिंतीच्या आत दुसरी भिंत घालायची असते म्हणून. दोन भिंतींमध्ये जागा. बरोबर एक माणूस आडवा मावेल एवढी. मी खिशातून तांबडा कागद काढला. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

ऑफिसात वेंडेलने विचारलं, काय भानगड? टेटांनी हाताने काढलेल्या ड्रॉइंगवर नेमका उताराच्या आकड्यावर कॉफीचा डाग होता. म्हणून मी पूर्वी त्याच्या वर तांबड्या पेन्सिलीने ठळक आकडा लिहून सही केली होती. वेंडेलला तो कागद दाखवताना मी म्हणालो, “हा फक्त पाच आहे. पुढच्या दोन उभ्या रेघा म्हणजे तपासल्याची माझी खूण. त्यांनी त्याचे अकरा केले, त्याला मी काय करू?” वेंडेलने कागद लांब धरून, जवळ धरून पाहिला आणि मान हलवली. मग चूक टेटांची. सोमवारी नोटीस जाणार: सांगाडा पायापर्यंत उतरवा आणि नव्याने बांधा.

घरी आलो तर सुमती दिवाळीच्या चकल्या तळत होती. कागद मी जेवणाच्या टेबलावर टाकला. तेल उडेल म्हणून तिने तो कोपऱ्याला धरून बाजूला सरकवला, आणि सरकवताना सहज म्हणाली, “हे साडेपाच कसले?”

मी म्हणालो, “कुठे आहेत साडेपाच?”

“हे काय. पाच आणि दोन रेघा. किराण्याच्या यादीत नाही का लिहीत तुम्ही? मागे दोनपुढे एक रेघ मारून सव्वादोन पौंड रवा लिहिलात, आणि त्या दुकानदाराने एकवीस पौंड बांधून दिला. अजून पुरतोय.”

आजच्या वाचकांना सांगायला हवं. आम्हाला लहानपणी अपूर्णांक रेघांनी शिकवले. आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. ५॥ म्हणजे साडेपाच. आकडे मी इंग्रजी लिहायला लागलो, इंजिनियर झालो, समुद्र ओलांडला, पण साडेपाच म्हटलं की हात पाच लिहून दोन फटके ओढतो. हार्लनचं गणितही साडेपाचाचंच होतं. मोठ्या पिरॅमिडचा उतार तसा होता: इजिप्तच्या एका हातात सात मुठी, आणि एक हात वर चढलं की साडेपाच मुठी आत. त्यांनी हातांचे केले फूट. आमच्या रेघांचे वेल्डरांनी केले अकरा इंच.

“मग सांगितलंत त्यांना?” सुमतीने विचारलं.

मी म्हणालो की साहेबाला सांगितलं, त्या तपासल्याच्या खुणा आहेत.

तिने झाऱ्यावर एक चकली तोलून धरली, तेल निथळू दिलं. “म्हणजे अख्ख्या टेक्सासात ते वाचता येणारी मी एकटी,” ती म्हणाली, “म्हणून तुम्हाला वाटलं, खपेल.”

मग तिने गॅस बारीक केला आणि टेटांची मुदत कधीपर्यंतची आहे ते विचारलं. मी सांगितलं. तिने तळलेल्या चकल्या डब्यात भरल्या आणि डबा वर ठेवून दिला. त्या चकल्या कशा झाल्या होत्या, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

रात्रभर मी हिशेब मांडला, तो नोकरीचा. दोन मुलं शाळेत, घराचे हप्ते, आणि तेलवाले सगळे बेकार झाल्यामुळे माझ्या खुर्चीवर डोळा ठेवून बसलेले अर्धा डझन इंजिनियर. पहाटे उठलो आणि ऑफिसच्या आधी टेटांकडे गेलो.

हार्लन दाढी करून झाडाखाली बसले होते. काम बंद, तरी दाढी केलेली. मी त्यांच्यापुढे उकिडवा बसलो, तांबड्या कागदाच्या पाठीवर पाव, अर्धा, पाऊण काढून दाखवले आणि म्हणालो, “चूक माझी आहे. साहेबाला खोटं मी सांगितलं.”

त्यांनी कागद हातात घेऊन पाहिला. मग हसायला लागले, इतके की नळी निसटली आणि ओपलबाई धावत आल्या. श्वास जागेवर आल्यावर म्हणाले की मोठ्या पिरॅमिडच्या वरच्या बंद खोल्यांतही दगडांवर मजुरांच्या टोळ्यांनी तांबड्या रंगाने केलेल्या खुणा आहेत. “मला वाटायचं, कसल्या असतील. तिथेही कुणीतरी तुमच्यासारखा फिरत असणार.”

मग मी स्नेफेरूला कामाला लावला. त्याचा दुसरा पिरॅमिड निम्मा झाला तेव्हा तडे जायला लागले. त्यांनी तो पाडला नाही. तिथूनच उतार बदलला आणि वरचा भाग चपटा करून पुरा केला. साडेचार हजार वर्षं झाली, वाकलेला का होईना, उभा आहे. आपला तर उलट, वर उभट करावा लागेल. मी आकडा काढला: दर बाजूला दहा फूट दोन इंच उरलेत, आणि चढायचंय चौदा फूट. पाइपांना ते झेपेल. खालचं काही उतरवायला नको.

“दिसेल कसा?” बाईंनी विचारलं.

“घेरदार परकर घातल्यासारखा,” मी म्हणालो. हार्लननी ताबडतोब हात वर करून वेल्डरांना हाक मारली. मी त्यांना थांबवलं. अजून वेंडेल बाकी होता.

वेंडेलला मी सगळं सांगितलं. त्याने त्या दोन रेघांवर बोट ठेवलं.

“ही कुठली भाषा?”

“मराठी.”

“मराठीत अकरा कसे लिहितात?”

“वेगळे,” मी म्हणालो.

त्याने दुरुस्तीच्या ड्रॉइंगवर सही केली, आणि मग एक दुसरा कागद काढून माझ्या फायलीत लावला. मी सीनिअर प्लॅन चेकर व्हायचा होतो, तो चार वर्षं झालो नाही. तक्रार नाही. त्यानंतर मी ज्या ज्या कागदावर अर्धा लिहिला, त्यावर एक, मग आडवी रेघ आणि खाली दोन असा छापील लिहिला, आणि वर शब्दांतही लिहिला. सुमती तर म्हणायची, हे झोपेत ‘अर्धा’ म्हणतात.

शेंड्याचा पत्रा थँक्सगिव्हिंगच्या आदल्या सोमवारी बसला. हार्लननी खुर्चीतून शेवटची शिवी हासडली आणि टाळ्या वाजवल्या. अगदी पायाशी उभं राहून वर बघितलं तर वाक कळतही नव्हता. रस्त्यावरून बघितलं तर लोक गाड्या थांबवायचे. डॉक्टरांची मुदत त्यांनी जानेवारीपर्यंत लांबवली. मी दोनदा जाऊन आलो, आत डोकावलो. गवत कापायचं मशीन होतं, ख्रिसमसच्या दिव्यांच्या माळा होत्या, रंगाचे डबे होते. सामान.

आणि तरीही, आता खरं सांगतो, हार्लन गेल्याचं कळलं तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? दुःख मागाहून आलं. पहिल्यांदा आला तो प्रश्न: पुरणार कुठे?

मी काळा सूट घालून चर्चमध्ये गेलो. दारातल्या माणसाने माझं नाव विचारलं आणि मला थेट पुढे नेऊन बसवलं. पेटी उघडी होती. हार्लनच होते, दाढी केलेले. मग ती बंद झाली, सहा जणांनी उचलली, आणि त्यांनी ती इतक्या सहज उचलली की पाल पुन्हा चुकचुकली. मी मागोमाग चर्चच्या दफनभूमीत गेलो. पेटी खाली उतरेपर्यंत थांबलो. लोक पांगले, मी थांबलो. माती पुरी होऊन खोऱ्याने सपाट होईपर्यंत त्या गारठ्यात उभा राहिलो. खोरेवाल्याला वाटलं, मी मुलगाच. त्याने माझा खांदा थोपटला.

फेब्रुवारीत शेवटच्या तपासणीचा दाखला द्यायला मी ओपलबाईंकडे गेलो. त्यांनी पेकन पाय कापला, मी दोन तुकडे खाल्ले. मग मी म्हणालो, “बाई, एक सांगायचंय. त्या दिवशी मी चर्चमध्ये आलो तो शोक करायला कमी आणि खात्री करायला जास्त आलो होतो.”

“माहीत होतं,” बाई ताट उचलत म्हणाल्या. “म्हणून तर तुम्हाला पहिल्या रांगेत बसवलं.”